पोचेपर्यंत गुच्छ का खराब होतो, आणि नेताना-मांडताना चालेल असं वेष्टन कसं असावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गुच्छ बांधून झाला की तुम्ही तो सेलोफेनमध्ये वरपर्यंत घट्ट बंद करता आणि खोक्यात आडवा ठेवता. निघताना तो टवटवीत असतो. चार-पाच तासांनी उघडला की आतल्या बाजूने पाण्याचे थेंब साचलेले असतात, गुलाबांच्या कडा तपकिरी झालेल्या असतात, जरबेराने माना टाकलेल्या असतात आणि ग्लॅडिओलसचे शेंडे वर वाकलेले असतात. यावर जाड प्लास्टिक घ्यावं का, आणि वाटेत सांभाळणारं व पोचल्यावर तसंच मांडता येणारं एकच वेष्टन मिळतं का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

जाड प्लास्टिक घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या चार बिघाडांपैकी एकही प्लास्टिक पातळ असल्यामुळे झालेला नाही. वीस वर्षांहून जास्त काळ फुलं बांधण्याचं आणि पाठवण्याचं काम केल्यावर मी एकच गोष्ट पहिल्यांदा तपासते: गुच्छाचा भार कुठे पडतोय? तो देठांवर पडला पाहिजे. पाकळ्यांना कशाचाही टेकू लागता कामा नये, खोक्याच्या भिंतीचाही नाही आणि शेजारच्या फुलाचाही नाही. देठ घट्ट धरलेले, फुलं मोकळी, खाली ओल आणि वर कोरडं, एवढं साधलं की कागद साधा असला तरी फूल नीट पोचतं.

आधी तुमच्या गुलाबांविषयी. चार-पाच तासांत आलेला तपकिरीपणा ही बहुधा बुरशी नसते, ती घासल्याची खूण असते. पाकळीची कातडी अतिशय नाजूक असते. वाहन हादरत असताना ती सेलोफेनवर हजारो वेळा बारीक बारीक घासली जाते, तिथल्या पेशी फुटतात आणि हवा लागून ती जागा काळपट होते. राखाडी बुरशी म्हणजे बोट्रायटिस वेगळी दिसते. सुरुवातीला पाकळीवर पुरळासारखे बारीक ठिपके येतात, मग ते पाणचट होऊन पसरतात, आणि याला सहसा एखादा दिवस किंवा जास्त लागतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे हा फरक ओळखता आला पाहिजे. घासण्यावर उपाय बांधणीत आहे. बुरशीवर उपाय पाकळीवरचं पाणी टाळण्यात आहे. अर्थात तुमच्याकडे आतून थेंब साचतात, म्हणजे एक दिवस जास्त लागला असता तर बुरशीही आलीच असती.

घट्ट गुंडाळलं की फूल हलत नाही, असं वाटतं. पण सेलोफेन फुलांभोवती आवळलं की प्रत्येक हादरा थेट पाकळीला मिळतो. म्हणून आवळायचं ते फुलांच्या खाली, जिथे देठ एकत्र येतात तिथे. गुलाब वीस-पंचवीसच्या जुडीत बांधताना मोठे बागायतदार कोरुगेटेड, म्हणजे आत लाटा असलेल्या पुठ्ठ्याचा पट्टा वापरतात, तो यासाठीच. पुठ्ठा जुडीला ताठपणा देतो, गाठ पुठ्ठ्यावरून पडते आणि देठ काचत नाहीत. फुलं दोन थरांत, वरखाली ठेवतात. एका थराचं डोकं दुसऱ्या थराच्या देठांशेजारी येतं, त्यामुळे डोक्यावर डोकं आपटत नाही. दोन थरांच्या मधे मऊ कागद असतो. छोट्या गुच्छातही हे करता येतं. सगळी फुलं एकाच उंचीवर गच्च भरण्याचा मोह टाळा, दोन-तीन उंचींवर ठेवा.

आता बाहेरचं आवरण. त्याचा आकार नरसाळ्यासारखा हवा: खाली अरुंद, वर रुंद, आणि वरचं तोंड उघडं. व्यवहारात याला स्लीव्ह म्हणतात. ती घेताना खालची रुंदी, वरची रुंदी आणि उंची अशी तीन मापं बघावी लागतात. खालची रुंदी देठांना जेमतेम बसेल एवढी असावी, म्हणजे जुडी आत घसरत नाही. वरची रुंदी फुलांच्या पसाऱ्यापेक्षा थोडी जास्त असावी. उंची सर्वांत वरच्या फुलापेक्षा ३ ते ५ सेंटिमीटर जास्त. त्याहून उंच ठेवली तर कडा आत वळतात, तोंड आपोआप बंद होतं आणि वाफ कोंडते. बरोबरीची ठेवली तर खोक्याचं झाकण किंवा वरची पिशवी फुलांना टेकते.

प्लास्टिकच घ्यायचं असेल तर ३० ते ४० मायक्रॉनचं बीओपीपी, म्हणजे दोन्ही दिशांनी ताणून केलेलं पॉलिप्रॉपिलीनचं पातळ प्लास्टिक पुरतं. ते कुरकुरीत, ताठ असतं आणि आपला आकार धरून ठेवतं. साधं मऊ पॉलिथिन ओलं झालं की पाकळीला चिकटतं आणि चिकटलं की तिथेच डाग पडतो. दव न दिसणारं, म्हणजे अँटी-फॉग लेप दिलेलं प्लास्टिकही मिळतं. त्याबद्दल एक गैरसमज आहे. तो लेप पाणी नाहीसं करत नाही. थेंब न होऊ देता पाण्याचा पातळ पापुद्रा पसरवतो. फूल स्पष्ट दिसतं, थेंब पाकळीवर ठिबकत नाहीत, हा फायदा खराच. पण आत कोंडलेली ओल तेवढीच राहते. ओल बाहेर जाण्यासाठी भोकं लागतात. काही मिलिमीटरची, फुलांच्या आणि पानांच्या उंचीवर. वरचं उघडं तोंड हे सगळ्यात मोठं भोक, ते कधीच चिकटपट्टीने बंद करू नका.

इतकी ओल येते कुठून? फूल कापल्यावरही श्वास घेत राहतं. साखर जाळतं, उष्णता आणि बाष्प सोडतं. तापमान दर १० अंश सेल्सिअस वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. म्हणजे उन्हात आलेली, गरम फुलं तुम्ही बंद पिशवीत घातली तर ती स्वतःच्या उष्णतेने आणखी तापतात, आणि पिशवीची भिंत बाहेरच्या हवेने जरा थंड झाली की तिच्यावर पाणी जमतं. जाड प्लास्टिक इथे नुकसानच करतं. फुलं आधी थंड करायची, मग गुंडाळायची, हा क्रम उलटा करू नका. गुलाब, कार्नेशन, शेवंती, लिली यांना ० ते २ अंशांची शीतखोली मानवते. अँथुरियम आणि उष्ण प्रदेशातले बरेच ऑर्किड मात्र १२-१३ अंशांच्या खाली नेऊ नका. गारठ्याने त्यांच्यावर काळपट-जांभळे डाग पडतात आणि त्या डागांचा दोष मग उगाच पॅकिंगला दिला जातो. शीतखोली नसेल तर सावलीची, पंख्याचा झोत न येणारी, घरातली सर्वांत गार जागा वापरा आणि पहाटे किंवा संध्याकाळी बांधा.

शीतखोलीतून बाहेर काढतानाही हेच तत्त्व वापरा. थंडगार फूल दमट, गरम हवेत उघडं केलं की पाकळीवरच दव पडतं. खोका बंद ठेवून थोडा वेळ जाऊ दिला तर ते दव खोक्यावर पडतं. तेवढा धीर धरावा.

वर कोरडं असावं म्हणताना मला माझी एक जुनी चूक आठवते. पांढऱ्या गुलाबांची मोठी ऑर्डर होती. वाटेत सुकू नयेत म्हणून मी रंगीत टिश्यू पेपर ओला करून फुलांभोवती लावला. पोचेपर्यंत कागदाचा रंग पाकळ्यांत उतरला होता. एकही फूल वापरता आलं नाही, आणि ज्यांच्यासाठी ती फुलं होती त्यांना तो दिवस परत मिळणार नव्हता. तेव्हापासून फुलाजवळ येणारा प्रत्येक कागद मी आधी ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघते. छापील वर्तमानपत्रही पांढऱ्या पाकळीला लावू नये, शाई लागते. त्याच्या घड्या करून देठांखाली उशीसारख्या ठेवायला हरकत नाही.

पाणी खालून द्यायचं. पण त्याआधीची तयारी वेष्टनाइतकीच महत्त्वाची आहे. देठ धारदार पात्याने २-३ सेंटिमीटर तिरके कापा, पाण्याखाली येणारी पानं काढा आणि निदान दोन तास स्वच्छ पाण्यात, शक्यतो फुलांसाठीच्या औषधी द्रावणात उभी ठेवा. तहानलेलं फूल कुठल्याही पॅकिंगने वाचत नाही. तुमच्या जरबेराने माना टाकल्या त्याचं निम्मं कारण हेच असेल: तिचा देठ मऊ, डोकं जड, आणि पाण्याचा दाब कमी झाला की देठ उभा राहूच शकत नाही. उरलेलं निम्मं कारण आधार नसणं.

काही तासांच्या प्रवासाला देठांच्या टोकांना ओला कापूस, त्यावर छोटी प्लास्टिकची पिशवी आणि वर रबरबँड एवढं पुरतं. बांधल्यावर गुच्छ क्षणभर उलटा धरा. एकही थेंब पडला तर पुन्हा बांधा. निसटलेलं पाणी खोक्यात गेलं की पुठ्ठा मऊ होतो. ऑर्किड, अँथुरियम, हायड्रेंजिया यांना रबरी टोपीची पाण्याची छोटी नळी प्रत्येक देठाला लावणं जास्त चांगलं. हायड्रेंजियाला तर ती लावाच, कारण तिचा एवढा मोठा पसारा फार भराभर पाणी सोडतो.

आता खोका. पुठ्ठ्याचा खोका बहुतेक भार चार उभ्या कोपऱ्यांवर पेलतो. पुठ्ठ्याच्या आतल्या लाटा उभ्या दिशेने असतील तरच. एकावर एक ठेवताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. थोडा सरकला तरी खालचं झाकण फुलांवर दबतं. आणि अतिशय दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद सुमारे निम्मी होते. दुकानात कोरडा असताना दणकट वाटलेला खोका शीतखोलीत रात्रभर राहिला की तितका दणकट नसतो. म्हणून गरजेपेक्षा दुप्पट मजबूत घ्या आणि आतला थर मेणाचा किंवा पाणी न शोषणारा असेल तर उत्तमच.

आडव्या खोक्यात लांब देठाच्या जुड्या पाठवायच्या असतील तर फुलं दोन्ही टोकांना, देठ मध्यभागी एकमेकांवर, आणि देठांवरून एक आडवी पट्टी खोक्याच्या भिंतींत पक्की अडकवलेली, अशी रचना करा. ही पट्टी हाच त्या खोक्याचा प्राण आहे. ब्रेक लागला की संपूर्ण जुडी पुढे घसरू पाहते. पट्टी तिला देठात धरते. फुलं आणि टोकाची भिंत यांच्यात ५ ते १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. त्याच भिंतींना भोकं पाडलेली असली की थंड हवा एका टोकाने आत येऊन फुलांवरून दुसऱ्या टोकाने बाहेर जाते. भोकं असलेल्या भिंतीवर लेबल चिकटवणारे खूप पाहिलेत, ते मात्र करू नका.

ग्लॅडिओलस कधीच आडवा ठेवू नका. त्याचे शेंडे गुरुत्वाकर्षण ओळखतात आणि आडवं ठेवताच वरच्या दिशेने वळायला लागतात. उबेत काही तासांत वाक दिसतो आणि मग तो बऱ्याचदा तसाच राहतो. स्नॅपड्रॅगनचंही तेच. त्यांच्यासाठी उभा खोका किंवा बादली. ट्युलिपची गोष्ट आणखी वेगळी आहे: ती कापल्यावरही वाढते आणि उजेडाकडे झुकते. तिची स्लीव्ह थोडी उंच ठेवा, आणि वाकलीच तर कागदात सरळ गुंडाळून काही तास पाण्यात उभी करा, बऱ्यापैकी सरळ होते.

जरबेरासाठी भोकं पाडलेला पुठ्ठा हा मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय आहे. देठ भोकातून खाली लोंबतो, फूल पुठ्ठ्यावर बशीसारखं विसावतं, पाकळ्या खालून सारख्या आधारावर राहतात. गुच्छात घालायची असेल तर देठावर पारदर्शक स्ट्रॉ सरकवा, मान सरळ राहते. मोठ्या शेवंतीला एकेका फुलावर मऊ जाळी चढवतात, ती फूल उमलल्यावर काढायची. लिली रंग दिसू लागलेल्या बंद कळीतच पाठवा. उमललेली पाठवायची वेळ आली तर परागकोश आधी चिमटीने काढा, नाहीतर त्यांचे डाग सगळ्या गुच्छावर पडतात. जिप्सोफिला, म्हणजे गुच्छात भरायची बारीक पांढरी फुलं, इतर फुलांत मिसळून नेऊ नका, तिच्या फांद्या गुंततात आणि सोडवताना दोन्ही तुटतात. तिला स्वतंत्र स्लीव्ह द्या. डॅफोडिलच्या देठातून निघणारा चिकट रस ट्युलिप आणि गुलाबांना बाधतो, म्हणून त्यालाही वेगळ्या पाण्यात ठेवा.

कार्नेशनला पॅकिंगपेक्षा शेजाऱ्यांची भीती जास्त. पिकणारी फळं आणि वाहनाचा धूर यांतून इथिलीन वायू निघतो. त्याचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत एक भाग इतकं कमी असलं तरी कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटून फूल झोपी गेल्यासारखं दिसतं, आणि ते पुन्हा उमलत नाही. बंद खोका हा वायू बाहेर ठेवेल असं समजू नका, भोकांतून तो येतोच. फळांच्या पेट्यांसोबत फुलं ठेवू नका आणि इंजिन चालू असलेल्या गाडीमागे भरू नका.

मग नेणं आणि मांडणं एकाच वेष्टनात? एकच आवरण दोन्ही कामं नीट करत नाही, कारण दोन्हींच्या गरजा उलट आहेत. वाटेत चारही बाजूंनी भिंत हवी, मांडल्यावर फूल समोरून मोकळं दिसायला हवं. पण एकात एक बसणारी दोन आवरणं ठेवली तर फुलाला पुन्हा हात लावावा लागत नाही, आणि खरी बचत तिथेच होते. प्रत्येक वेळी जुडी काढून दुसरीकडे घालताना दोन-चार पाकळ्या जातातच.

आतली वस्तू म्हणजे स्लीव्ह, जिच्या वरच्या एक तृतीयांश भागाखाली बारीक भोकं टोचलेली रेघ असते. मांडताना त्या रेघेवरून वरचा भाग फाडला की फुलं मोकळी होतात आणि खालचा भाग देठ धरून ठेवतो. बाहेरची वस्तू म्हणजे खालच्या पाळ्या एकमेकांत अडकून पक्का बसणारा तळ असलेला उभा खोका. त्यात देठांच्या उंचीवर एक आडवा पुठ्ठा, मधोमध चांदणीसारखी चीर. देठ चिरेतून खाली जातात, पुठ्ठ्याच्या पाकळ्या त्यांना चहूबाजूंनी धरतात, खाली पाण्याचं भांडं. समोरची भिंत खाली दुमडली की तोच खोका मांडणीचा स्टँड होतो. मूठ वरच्या कडेला असली तरी चालेल, पण तिचा भार भिंतींतून थेट तळावर गेला पाहिजे. आतल्या आडव्या पुठ्ठ्याला मूठ जोडली तर उचलताक्षणी देठ वर ओढले जातात.

उभ्या खोक्यात कलंडण्याचा हिशेब करा. गुच्छ आणि पाणी मिळून सगळ्याचं वजन उंचीच्या मध्यावर आहे असं धरा. तळाची रुंदी उंचीच्या एक तृतीयांश असेल तर खोका सुमारे १८ अंश कलला की पडतो. रुंदी निम्मी केली तर २६ अंशांपर्यंत टिकतो. जोराच्या ब्रेकला बसणारा धक्का साधारण त्या निम्म्या रुंदीच्या मर्यादेला टेकतो. म्हणून ५० सेंटिमीटर उंच खोक्याला निदान २५ सेंटिमीटर रुंद तळ द्या. रुंदी परवडत नसेल तर पाणी तळाशी ठेवून वजन खाली आणा आणि खोके एकमेकांना टेकवून भरा. एकटा खोका आसनावर ठेवू नका, पायाशी ठेवा. बंद गाडीत, उन्हात तर पाच मिनिटंही नको.

मांडणीच्या जागी बादलीत ५ ते ८ सेंटिमीटर पाणी पुरतं, जरबेराला त्याहून कमी, कारण तिचा देठ पाण्यात कुजतो. स्लीव्ह कागदाची असेल तर तिचा खालचा काठ पाण्याबाहेर राहू द्या, नाहीतर कागद वातीसारखं पाणी वर ओढतो आणि पानं ओली होतात. बादली गच्च भरू नका. ग्राहक एक जुडी उपसतो तेव्हा शेजारच्या फुलांना ती घासत जाते. गुळगुळीत स्लीव्ह त्या वेळी खरं संरक्षण देते, म्हणून विकली जाईपर्यंत ती पूर्ण काढू नये. उन्हाची तिरीप स्लीव्हवर पडत असेल तर मात्र लगेच जागा बदला, आत काचघरासारखी उष्णता साठते.

कागद की प्लास्टिक, यात माझा कल कोरड्या, जाड क्राफ्ट कागदाकडे आहे, जिथे फूल दिसण्याची गरज नसते तिथे. कागदावर प्लास्टिक चिकटवलेलं चकचकीत वेष्टन मी वापरत नाही. ते श्वासही घेऊ देत नाही आणि पुन्हा वापरातही आणता येत नाही.

बदल करताना सगळं एकदम बदलू नका. एकाच वेळी बांधलेले दोन सारखे गुच्छ घ्या. एक नव्या खोक्यात घालून तुमच्या नेहमीच्या वाटेने फिरवून आणा, दुसरा जागेवर ठेवा. मग दोन्ही पाण्यात उभे करून त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी पाहा, कारण आतून लागलेला मार बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी वर येतो. खोक्यात ठेवण्याआधी गुच्छाच्या एका बाजूला दोरा बांधून खूण करा. डाग खुणेच्या बाजूलाच आले तर तिथली भिंत टेकतेय. सगळीकडे सारखे आले तर फुलं एकमेकांवर घासताहेत. फक्त वरच्या फुलांवर आले तर झाकण खाली आहे, स्लीव्ह २ सेंटिमीटरने वाढवा आणि पुन्हा फिरवून आणा.